तुळजाबाईंना बसता येईल अशी गाडी

लोहाऱ्याच्या दवाखान्यात दैवशाला देवकते नर्स म्हणून लागली त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण घरात चारचाकी कधी आली नव्हती. गरजच पडली नाही. नवरा बलभीम पाटबंधारे खात्यात कामाला. लहानपणी मेंढीमागं पळताना बाभळीचा काटा डोळ्यात गेला आणि एक डोळा कायमचा अधू झाला, त्यामुळं तो गाडीच्या वाटेला गेला नाही. कुठं जायचं असलं की दैवशाला स्कूटी चालवायची आणि बलभीम मागं बसायचा. सुरुवातीला लोक बघायचे, पुढं कुणाला काही वाटेनासं झालं.

मग सासूबाई पडल्या. तुळजाबाईंचा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. अणदूरच्या वस्तीवरून निघून डोंगरापर्यंत पायी जाणारी बाई मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं, सांधा बदलला. डॉक्टरांनी बजावलं, व्यायामाला न चुकता आणा आणि यांना फार खाली बसवू नका.

व्यायामाला सोलापूरला न्यायचं म्हणजे भाड्याची जीप. तिची पायरी एवढी उंच, की दोघा जणांनी काखेत हात घालून तुळजाबाईंना वर चढवायचं आणि दवाखान्याच्या दारात तसंच खाली घ्यायचं. अशा दोन-तीन खेपा झाल्यावर जीप दारात येऊन उभी राहिली, तरी तुळजाबाई खाटेवरून हलल्या नाहीत.

“पोत्यावानी उचलून टाकत्यात मला,” त्या म्हणाल्या. “परकी माणसं हात लावत्यात, चार लोक बघत्यात. आता म्या येणार न्हाय.”

दैवशालानं वाद घातला नाही. तिनं जीप परत पाठवली. व्यायाम सुटला तर पाय आखडतो, हे तिनं दवाखान्यात कितीतरी म्हाताऱ्यांचं पाहिलं होतं. पण सासूबाईंच्या बोलण्यातही काही खोटं नव्हतं. संध्याकाळी तिनं बलभीमला सांगितलं, आपण गाडी घेऊ. चालवणार कोण, असं त्यानं विचारलं. “मी,” ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

लोहाऱ्यात रामलिंग नावाचा ड्रायव्हिंग शिकवणारा होता. पन्नाशी ओलांडलेली शिष्या त्याला पहिलीच. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांच्या मधोमध तिची गाडी बंद पडली आणि मागं हॉर्नचा कल्ला उठला. तरी दुसऱ्या दिवशी ती परत गेली.

गाडी कुठली, यावर घरात मतं पडली. धाकटा दीर अमरसिंह अणदूरच्या वस्तीवर शेती आणि मेंढरं सांभाळायचा. त्याला उंच गाडी हवी होती. “वहिनी, बुटकी डिकीवाली गाडी आपल्या वाटंला पोट घासतीया,” तो म्हणाला. गावातल्या पुढाऱ्यांच्या गाड्या उंच असतात, हेही त्याच्या मनात होतंच. दैवशालानं ऐकून घेतलं, पण उंच गाडी म्हटलं की तिला जीपची पायरी दिसायची.

सोलापूरच्या शोरूममध्ये ती आणि बलभीम गेले. योगीराज नावाच्या विक्रेत्यानं त्यांना मधल्या आकाराच्या डिकीवाल्या गाड्या दाखवल्या, पेट्रोलवरची आणि पेट्रोल-बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड. हायब्रिड चालवून पाहिल्यावर दैवशाला भुलली. गर्दीत आवाज न करता बॅटरीवर सरकायची, पेट्रोलही कमी प्यायची. लोहारा-सोलापूर फेऱ्या धरल्या तर हीच बरी, असं तिनं जवळजवळ ठरवून टाकलं. तेवढ्यात बलभीमनं बरोबर आणलेली आईची चाकाची घडीची खुर्ची डिकीत ठेवून पाहिली. त्या मॉडेलमध्ये बॅटरीनं डिकीतली थोडी जागा घेतली होती. खुर्ची आडवी बसेना, उभी ठेवली तर झाकण लागेना. मागच्या सीटवर ठेवता येईल, असं योगीराजनं सुचवलं. पण तुळजाबाई पुढं बसणार, मग बलभीम कुठं बसणार? पेट्रोलच्या गाडीत मात्र खुर्ची सरळ गेली आणि वर पिशव्यांना जागा उरली.

तरी तिनं होकार दिला नाही. या गाड्यांची सीट खाली होती आणि डॉक्टरांचं बोलणं तिच्या डोक्यात होतं. ज्याला बसायचंय त्यानंच बघितलेलं बरं, असं म्हणून ती परत आली.

“आत्या, दवाखान्यात न्यायचं न्हाय,” तिनं सासूबाईंना सांगितलं. “गाडी निवडायला चला. तुमच्याबिगर ठरंना.”

तुळजाबाईंनी धुवट लुगडं मागितलं.

रामलिंगच्या जुन्या डिकीवाल्या गाडीतून त्या गेल्या. सीटवर दैवशालानं घडी घालून घोंगडी ठेवली होती. शोरूममध्ये पहिल्या गाडीत तुळजाबाई बसल्या, पण उठता येईना. पाय कापायला लागले. बलभीम धावला, तसा दैवशालानं त्याचा दंड धरला. योगीराजही जागीच थांबला. तुळजाबाईंनी दाराची चौकट धरली, श्वास घेतला आणि हळूहळू स्वतःच्या स्वतः उभ्या राहिल्या. कपाळावर घाम आला होता. दुसऱ्या गाडीचं दार अरुंद निघालं. पेट्रोलच्या त्या गाडीचं दार चांगलं रुंद उघडायचं. घोंगडीची घडी ठेवल्यावर सीट गुडघ्याच्या बरोबरीला आली. त्या आधी पाठमोऱ्या टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला. लगेच उतरल्या आणि पुन्हा बसून पाहिलं.

“हिच्यात जमतंय,” त्या म्हणाल्या.

तीच गाडी घेतली. अमरसिंहचं म्हणणंही खोटं ठरलं नाही. पहिल्यांदाच वस्तीवर जाताना ओढ्याजवळच्या वळणावर गाडीचं पोट दगडाला घासलं. ते समजल्यावर पुढच्या आठवड्यात दीरानं ट्रॅक्टरनं मुरूम आणून ते वळण भरून काढलं.

व्यायाम पुन्हा सुरू झाला. मधे सुटल्यामुळं पाय थोडा आखडला तो आखडलाच, थोडं लंगडणं राहिलं. पण तुळजाबाई दवाखान्याच्या दारात आपल्या पायांनी उतरू लागल्या आणि हिवाळा लागेपर्यंत वॉकर सोडून काठीवर आल्या. वाटेत अणदूरला त्या बहिणीला, अयोध्याबाईंना, बरोबर घ्यायच्या. अयोध्याबाई वयानं मोठ्या होत्या, तरी पुढची सीट काही त्यांना मिळाली नाही. त्या बलभीमशेजारी मागं बसायच्या. दोघी बहिणी सोलापूर येईपर्यंत बोलत राहायच्या आणि दैवशाला रस्त्यावर नजर ठेवून गाडी चालवायची.