सुरक्षित पर्यायवाल्या पुष्पाताई

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या आमच्या गावात पुष्पाताईंएवढी सावध बाई दुसरी सापडणार नाही. दाखल्याला एक झेरॉक्स मागितली तर ताई चार जोडतात. फोटोच्या मागे नाव लिहितात, आणि फोटो हरवला तर म्हणून पाकिटावरही लिहितात. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत बसून त्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतात. स्क्रीनवर दोन पर्याय आले की त्यातला भित्रा कोणता, हे त्यांना लांबूनच कळतं. "आपल्याला कशाला उपद्व्याप?" म्हणायचं आणि टिचकी मारायची.

त्याच खोलीत वर्षभरापासून चार जुने कॉम्प्युटर आहेत. डहाणूच्या एका चिकूच्या व्यापाऱ्याने ऑफिस नवं केलं आणि त्याच दिवशी तो दानशूर झाला. विंडोज त्या म्हाताऱ्या यंत्रांना झेपेना, म्हणून ताईंनी एकटीने, वाचून वाचून, लिनक्स घातलं. मुलांनी येऊन शिकावं म्हणून. मुलं आली, "गेम कुठंय?" म्हणाली आणि गेली.

मग एका बुधवारी सरपंच सुदामकाका आले. काका दर दोन शब्दांना घसा साफ करतात.

"पुष्पे, हं... खोलीचं काय, हं... गावाची लग्नाची भांडी उघड्यावर पडलीत. रविवारी ग्रामसभा. तोवर पोरं दिसली तर खोली तुझी. नाही तर, हं... पातेल्यांची."

ताईंना ते झोंबलं. अर्ज काय, घरूनही भरता आले असते. पण स्वतःच्या डोक्याने उभं केलेलं हे एकच काम, आणि ते पातेल्यांपुढे हरणार!

त्यांनी लगेच गेम शोधले. सुपरटक्सकार्ट नावाची गाड्यांची शर्यत मिळाली: फुकट, जाहिराती नाहीत, आणि गाडी चालवायला चक्क पेंग्विन. सुरू केली. पेंग्विन हलला. ताईंनी चहा ओतला, गाळला, प्यायला. पेंग्विन पुन्हा हलला.

अच्छाडच्या नाक्यावर सुनिलचं मोबाइलचं दुकान आहे. एका श्वासात तीन भाषा बोलतो, आणि तिन्हींत माल विकतो. ताईंनी त्याला फोन लावला.

"अरे बेन, लिनक्समां गेम? ते तर सरकारी काम. टाइप करा, प्रिंट काढा, घर जाओ! गेम पाहिजे तर ग्राफिक्स कार्ड लागेल. चारोंमां नवा. मी देतो ना!"

"पण या जुन्यांत ते चालेल का रे?"

"चालशे, चालशे! नाही चाललं तरी कार्ड तुमच्याकडेच राहील ना!"

एवढी हमी मिळाल्यावर ताईंनी फोन ठेवला आणि इंटरनेटवर सल्ला मागितला. तिथे सगळी देवमाणसं. एकाने विचारलं, आधी शोधलंत का? दुसरा म्हणाला, तुमचं लिनक्स टाकून द्या, माझं घ्या. तिसऱ्याने दुसऱ्याची अक्कल काढली, आणि दोन दिवस ते दोघे ताईंच्या खर्चाने भांडले. शुक्रवारी चौथ्याने एका ओळीत विचारलं: "इन्स्टॉल करताना 'सुरक्षित ग्राफिक्स' निवडलं होतंत का?"

निवडलं होतं का? चार यंत्रं, चारही वेळा!

तो पर्याय घेतला की कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या चिपला नीट हात लावत नाही; शर्यतीचं सगळं चित्र बिचाऱ्या प्रोसेसरला काढावं लागतं. चिप ठणठणीत होती. तिला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिनक्सबरोबरच आला होता. दोघं वर्षभर आत बसून पगारी रजेवर होते.

आता सेटिंगच्या फाइलमधला एकच शब्द खोडायचा होता. पण खाली सूचना: चुकलात तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. ताईंनी त्या सूचनेच्या दोन प्रिंट काढल्या. एक कागदांच्या फाइलला लावली. देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि तो शब्द खोडला. यंत्र बंद करून चालू केलं. पेंग्विन असा सुटला की थेट भिंतीत!

शनिवारी ताईंनी उरलेल्या तिन्ही यंत्रांतलाही तो शब्द खोडला, आणि बातमी गावभर झाली. रविवारी सकाळी मुलांनी खोली भरली. काका पाहणीला आले. "हं... बघू," म्हणून पहिल्या खुर्चीत बसले. दुसरीत सदस्य गंगीकाकी बसल्या, "मेल्या, वळ की!" असं पेंग्विनला दरडावत. उपसरपंच बारक्याने तिसरी धरली. मुलं मागे रांगेत. बाहेर ग्रामसभा ताटकळत होती. शेवटी ग्रामसेवकाने दारातून डोकं आत घातलं.

"साहेब, खोलीचा ठराव काय लिहू?"

"खोली पुष्पाचीच," काका म्हणाले. घसा साफ करायलाही वेळ नव्हता.

"आणि भांडी?"

"टाका माझ्या पडवीत! बोलू नका आता, मी सगळ्यांच्या पुढे आहे!"

"काका," मागून सगळी रांग ओरडली, "तुम्ही उलटे चाललाय!"