काटा एकोणीसवर

दुरुस्तीला आलेली वस्तू माणसाची एकुलती एक आहे असं कळलं की मला धास्ती बसते. पडलेल्या एका स्क्रूसाठी मी पाऊण तास फरशीवर रांगलेलो आहे. आणि घाबरलो की माझा हात सावध होत नाही, उलट घाई करतो.

त्या दुपारी कळमेश्वरहून एक जोडपं आलं. काकांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, स्वरयंत्र काढलेलं. गळ्याला टेकवून बोलायचं त्यांचं मशीन बंद पडलं होतं. ते वहीत लिहून दाखवायचे, पण काकूंना वाचता येत नव्हतं.

"आठ दिवस झाले भाऊ, हे एक शब्द नाही बोलले माह्याशी," काकू म्हणाल्या. "दुसरं मशीन यायले महिना लागते म्हणे. जपून करा बरं."

झालं, बसली धास्ती. मशीन उघडलं, आतली तुटलेली वायर सोल्डर केली. आता बेंच सप्लायवरून, म्हणजे नॉब फिरवून हवे तेवढे व्होल्ट देणाऱ्या टेबलावरच्या डब्यावरून, नऊ व्होल्ट देऊन तपासायचं होतं. सप्लाय जुना, मीच जोडलेला. सकाळपासून त्यावर चोवीस व्होल्टचं काम चाललं होतं. मी नॉब नऊच्या खुणेवर आणला आणि त्याच्या तारांच्या क्लिपा उचलल्या.

इथेच मेख आहे. साध्या सप्लायला व्होल्ट चढवता येतात, खाली ओढता येत नाहीत. नॉब कमी केला की नवा पुरवठा थांबतो, पण आउटपुटवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये भरलेली वीज माठातल्या पाण्यासारखी सावकाश झिरपत राहते. महागड्या सप्लायमध्ये ती चटकन खेचून घेणारं सर्किट असतं, माझ्यात नव्हतं. हे मी चार जणांना शिकवलेलं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

नॉब नऊवर होता, सप्लायच्या मीटरचा काटा अजून एकोणीसवर. मी फक्त नॉब पाहिला.

काकांनी टेबलावर थाप मारली. मी दचकलो आणि खेकसलो, "काकू, त्यांना जरा बसवा ना!"

"करून राहिले ना ते! घाई काहून करता?" काकूंनी त्यांची बाही ओढली.

त्यांनी पुन्हा थाप मारली, तोंड उघडलं. आवाज नाहीच. मी क्लिप मशीनच्या तारेला लावणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं, सप्लायचा खटका बंद केला, क्लिपा माझ्या हातातून काढून एकमेकींना टेकवल्या. चट् करून ठिणगी उडाली, तीही बंद सप्लायमधून. काटा शून्यावर आला.

"बुटीबोरीले वायरमन होते हे," काकू हळूच म्हणाल्या.

एकोणीस व्होल्टांनी मशीन जळलंच असतं. शरमेनं मला मान वर करवेना. मग मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. काटा नऊवर स्थिर झालेला दोनदा पाहिला, मल्टिमीटरनेही व्होल्ट मोजले. मगच तारा जोडल्या. मशीन गुणगुणलं. बॅटरी घालून ते काकांच्या हातात दिलं.

आठ दिवसांनंतरचा पहिला शब्द काकूंसाठी असेल म्हणून मी नजर वळवली. पण मशीन गळ्याला टेकवून ते माझ्याकडेच वळले. घरघरत्या, एकसुरी आवाजात म्हणाले,

"किती वेळचा आवाज देऊन राहिलो गा तुले!"