काटा स्थिर होईपर्यंत

"खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोकून ये, माझा काटा हलतो."

हे वाक्य ती पहिल्यांदा एका किडकिडीत मुलीला उद्देशून बोलली होती. पुढे बावीस वर्षांत ते त्या खोलीचा नियम होऊन बसलं. शाळेच्या जिन्याखालची ती खोली. एक पलंग, डोळे तपासायचा तक्ता, मलमपट्टीचं कपाट आणि मधोमध उंच लोखंडी वजनकाटा. दांडीवरचं वजन बोटाने सरकवत न्यायचं आणि टोक मध्यावर येऊन थांबेपर्यंत श्वास धरून पाहायचं. ती शाळेची परिचारिका होती. पगारपत्रकावर तिचं नाव होतं, पण मुलांसाठी ती काटाबाई. आकडे दाखवणारा नवा काटा तिला दोनदा देऊ केला होता. "त्याला घाई फार," म्हणून तिने तो दोन्ही वेळा परत पाठवला.

वजन झालं की कान. मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं आणि तीन पावलं मागून दोन आकडे कुजबुजायचे. मुलाने ते मोठ्याने म्हणायचे. त्यासाठी शांतता लागे. कुणी खोकलं की आकडा बुडे, काटा हले. मग खोकणारा बाहेर. दाराबाहेर नळ होता. पोर ओंजळीने पाणी पिई, डोळे पुसून आत येई, तोवर त्याची उबळ ओसरलेली असे. रजिस्टरमध्ये खोकल्याचा रकाना होता. समोर उभं असलेलं मूल खोकत नसे, म्हणून ती लिही: नाही.

यात तिच्या मनात पाप नव्हतं. काम चोख व्हावं म्हणूनच तिने नकळत ही चूक जपली होती.

घर तीन खोल्यांचं. नवरा पहाटेच बस घेऊन जाई तो संध्याकाळी येई. थोरली लेक पाच आठवड्यांपूर्वी बाळंत झाली होती. जावई कामासाठी दूरच्या गावी, म्हणून लेक आणि बाळ मागच्या खोलीत राहत. धाकटी पंधरा वर्षांची, बोलायला लागली की थांबायची नाही. तीन आठवड्यांपासून तिला खोकला होता. दिवसभर ठणठणीत, आणि मग एकाएकी अशी उबळ यायची की पंधरा-वीस खोकले एका श्वासात. तोंड लालबुंद, शेवटी ओकारी.

"इतकं बोलतेस, घसा तरी काय करेल बिचारा?" काटाबाई म्हणायची. आणि संध्याकाळी पुढच्या खोलीत रजिस्टर पसरून बसली की, "अगं, बाहेर जाऊन खोकून ये. डोकं उठलं माझं."

परवा जेवताना उबळ आली, तेव्हा धाकटीच्या ओठांचा निळसर रंग पाहून काटाबाईच्या हातातला घास तसाच राहिला. बावीस वर्षांत तिने ही उबळ कधी शेवटपर्यंत पाहिली नव्हती. उबळ संपली, आणि मग श्वास आत ओढतानाचा तो लांब, पोकळ आवाज आला. तिने तो शिकताना एकदाच ऐकला होता, पण असले आवाज कान विसरत नाहीत.

"तू इतके दिवस कुठे जात होतीस खोकायला?"

"मागे. बाळापाशी."

"बाळापाशी?"

"तूच म्हणायचीस ना बाहेर जा म्हणून? बाहेर कुत्री असतात. आणि बाळ काही माझ्यावर ओरडत नाही. मी खोकले की टकामका बघतं नुसतं."

थोरलीने उठून मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. दार लावून आता काय होणार होतं?

त्याच दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या नाकातून नमुना घेतला, तिला औषध सुरू केलं, बाळापासून लांब ठेवायला सांगितलं. "डांग्या खोकला वाटतोय. रिपोर्ट दोन दिवसांत येईल. तो आला की घरातल्या सगळ्यांना औषध."

"पण मॅडम, हिच्या लहानपणीच्या सगळ्या लसी झाल्यात. मी स्वतः टोचल्यात."

"लस म्हणजे काय जन्माचा वायदा आहे? दहा वर्षांत असर विरतो. या वयाच्या मुलांचा जीव सहसा जात नाही, नुसता चिवट खोकला. कुणी विचारतसुद्धा नाही."

"आणि बाळाला?"

डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोपण काढलं, घातलं. "थोरलीने गरोदरपणी यावरची सुई घेतली होती?"

नव्हती घेतली. सातव्या महिन्यात थोरली सुईला घाबरली होती आणि काटाबाई म्हणाली होती, राहू दे, नको तर नको.

"मग लक्ष ठेवा. इतकं लहान बाळ खोकेलच असं नाही. काही वेळा ते श्वास घ्यायचंच थांबतं. निळसर दिसलं, दूध ओढेना झालं, तर क्षणभरही विचार करत बसू नका."

दोन दिवस काटाबाई घरात असली की बाळापाशी असे. छातीवर दोन बोटं ठेवून मोजत राही. वर, खाली. वर, खाली. मध्येच बाळ थांबे, सगळी तान्ही बाळं थांबतात तसं, जेमतेम एक आकडा मोजण्याइतकं. मग बाळ पुन्हा श्वास घेई. एखादं वजन तराजूच्या कडेवर ठेवलंय, पडत नाही आणि बसतही नाही, तसे ते दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक होती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना डांग्या खोकल्याच्या लसीचा बूस्टर डोस द्यायचा की नाही, हे ठरायचं होतं. आरोग्य अधिकारी आले होते, डॉक्टरीणबाई होत्या. काटाबाईची नोंदवही टेबलावर उघडी होती.

"बाराशे मुलं," अधिकारी बोटं मोडत म्हणाले. "बाराशे सुया, त्या थंड ठेवायची सोय, परिचारिका, तीन दिवसांचे तास बुडणार. सगळ्यांचे हात दुखणार, पाच-पन्नासांना ताप येणार, दोन पालक भांडायला येणार. हे झालं एका पारड्यात. दुसऱ्यात काय? गेल्या नऊ वर्षांच्या नोंदींत चार खोकले."

"चार खोकले तर माझ्या एका भाषणात होतात, साहेब," मुख्याध्यापक म्हणाले. दोघेही हसले.

"हा डोस खरं तर या मुलांसाठी नाहीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांच्या घरातल्या तान्ह्यांसाठी आहे."

"मग गरोदर बायकांनाच टोचू. थेट बाळाला फायदा, सुया कमी."

"ते करायचंच. पण सगळ्या येत नाहीत." त्यांनी काटाबाईकडे पाहिलं नाही. "आणि हा बूस्टरही काही वर्षांत उतरतो, तेही मी लपवणार नाही. शेवटी सगळं एका आकड्यावर अडतं. या वयात खोकला आहे किती?"

अधिकाऱ्यांनी कागद काटाबाईपुढे सरकवला. "तो तर बाईंनी दिलाच आहे. इथे सही करा. 'नोंदी प्रत्यक्ष तपासणीवर आधारित व बरोबर आहेत.'"

तिने पेन घेतलं. चार. आकडा तिच्याच अक्षरात होता, सुबक, खाडाखोड नसलेला.

"साहेब, हा आकडा चुकलाय."

"चाराचे पाच करायचे?"

"माहीत नाही." मग तिने सांगितलं. काटा, कुजबुज, नळ. सांगताना तिला आपला आवाज तीन पावलं मागून येतोय असं वाटलं. "जो खोकायचा त्याला मी बाहेर पाठवायचे. खोकला थांबला की आत घ्यायचे, आणि लिहायचे, नाही."

"बाई, हे बावीस वर्षांनी सांगताय?" मुख्याध्यापक म्हणाले.

"मलाच परवा कळलं."

मुख्याध्यापक तिच्याकडे झुकले. "करून टाका सही. वर कोण मोजत बसलंय? नोकरीची चार वर्षं राहिलीत तुमची."

"मग खरा आकडा मी आणू कुठून?" अधिकारी वैतागले. "पुन्हा मोजायचं म्हणजे सहा महिने. तोवर एक पारडं रिकामं ठेवून बसू?"

"रिकामं नाही ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात काय आहे ते आपल्याला दिसलेलं नाही, एवढंच."

काटाबाईच्या पिशवीत फोन थरथरला. तिने तो टेबलाखाली धरून पाहिला. थोरलीचा निरोप होता: "रिपोर्ट आला. तोच आहे. बाळ झोपलंय. जरा जास्तच झोपलंय का गं? तू ये."

ती वाचत होती, तेवढ्यात तिच्या घशात काहीतरी हललं.

कालपासून हलत होतं. भीतीने कोरड पडली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आता ते वर येत होतं, पिसासारखं, सावकाश. तिने ओठ घट्ट मिटले, श्वास धरला. आज सकाळी बाळ तिच्या खांद्यावर होतं. त्याच्या टाळूवर ओठ टेकून ती त्याचे श्वास मोजत होती, आणि तिचा प्रत्येक श्वास त्याच्या डोक्यावर पडत होता.

"बाई? अहो, बोला ना काहीतरी."

तिने पेनला टोपण लावलं आणि ते सहीच्या कोऱ्या जागेवर आडवं ठेवलं. रुमाल तोंडावर दाबून ती उठली. खुर्ची मागे सरकली, नोंदवही तशीच उघडी राहिली. तिघे तिच्याकडे पाहत होते. कुणाकडेही न बघता ती दार उघडून बाहेर गेली.