आजोबांचे मासे आणि सासूबाईंची शाल

सेंदाईला आमच्या खालच्या मजल्यावर एक जपानी आजोबा एकटेच राहत. मोठ्या भूकंपानंतर नळ कोरडे पडले होते, तेव्हा ते स्वतःच्या वाट्याचं पाणी जिना चढून आम्हाला आणून देत. त्यामुळे दोन-तीन वर्षांनी, लेकीकडे जाताना त्यांनी "माझे मासे सांभाळाल का?" असं विचारलं, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. नवऱ्याने आणि त्यांनी मिळून काचेची टाकी वर आणली. एक एंजल मासा, त्याच्याभोवती चिमुकले निळे-लाल मासे, एक पंप आणि पाणी गरम ठेवणारा हीटर.

त्याच हिवाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. घरात अंडंही न आणणाऱ्या.

"हे शिजवायचे नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही आई, नुसते बघायचे."

"मग बघते. पण त्यांचं खाणं मी देणार नाही. वास येतो त्याला."

पुढे नवरा कॉन्फरन्सला त्सुकुबाला गेला आणि त्याच संध्याकाळी जमीन हलली. सेंदाईत याचं कोणाला फार वाटत नाही. टाकीतलं बरंच पाणी हिंदकळून बाहेर आलं, मी फरशी पुसली आणि भाजी फोडणीला टाकली.

सकाळी बाहेर बर्फाने सगळं पांढरं झालं होतं आणि टाकीत एंजल मासा तळाशी आडवा पडला होता. बाकीचे एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे. हीटरचा दिवा बंद. मी नवऱ्याला फोन लावला.

"पाणी कमी झाल्यावर हीटरचं टोक उघडं पडलं असेल," तो म्हणाला. "मग आतला फ्यूज उडतो. नवीनच आणावा लागेल. तोवर गरम पाण्याच्या बाटल्या सोड. पण हळूहळू हं, एकदम गरम केलंस तर धक्क्याने मरतील."

"हळूहळू म्हणजे किती?"

"म्हणजे... ग्रॅज्युअली," असं म्हणून तो लेक्चरला गेला.

मी आधी कोमट पाणी घालून टाकी काठोकाठ भरली. मग गरम पाण्याच्या बाटल्या आत सोडल्या. तितकंच पाणी बाहेर येऊन माझ्या पायावर सांडलं. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट असलेल्या नवऱ्याने हे सांगितलं नव्हतं आणि त्याच विषयात एम.एस्सी. केलेल्या मलाही सुचलं नव्हतं.

"सरक," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सांडशीने दोन बाटल्या बाहेर काढल्या, टाकीभोवती गादी गुंडाळली, वर नवऱ्याचं जाकीट आणि त्यावर स्वतःची शाल घातली. "तू दुकानात जा. मी बसते इथे."

बस बंद होत्या. स्टेशनपर्यंत घसरत चालत गेले, पुढे भुयारी रेल्वेने. माशांच्या दुकानाची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या दुकानात, बर्फाच्या फावड्यांशेजारी, हीटर मिळाला.

परत आले तर सासूबाई शालीच्या फटीतून आत बघत होत्या.

"हा मोठा उठलाय," त्या म्हणाल्या. "पण दोन लहान गेले गं."

हीटर बसवून दिवा लागलेला पाहिल्यावर प्रश्न आला, त्या दोघांचं काय करायचं. जपानमध्ये कचरा टाकायचा तर आधी त्याची जात ठरवावी लागते. मी पालिकेचं पत्रक वाचून सांगितलं, "जळणाऱ्या कचऱ्यात. परवा सकाळी."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे अग्नी मिळतो. चांगलं आहे." त्यांनी ते दोघे कागदात गुंडाळले, त्यावर तुळशीची वाळलेली पानं ठेवली, आणि मग आंघोळीला गेल्या.

आजोबा परतले तेव्हा मी कमरेत वाकून दोन माशांची माफी मागितली. त्यांनी टाकीभोवती अजूनही गुंडाळलेली गादी पाहिली, शाल पाहिली आणि सासूबाईंसमोर माझ्याहूनही खाली वाकले. काय करावं ते न कळून सासूबाईंनी त्यांना "आयुष्मान व्हा" असा आशीर्वाद दिला. ते त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे असतील.

जाताना त्यांनी विचारलं, उन्हाळ्यात, म्हणजे जुलैत, पुन्हा काही दिवस मासे ठेवाल का? मी भाषांतर करून सांगितलं.

"सांग त्यांना, जरूर ठेवू," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं परतीचं विमान एप्रिलमध्ये होतं.