भिंतीला सांगितलेलं

माझा आणि सासूबाईंचा अबोला होता, आणि त्या अबोल्यात आम्ही दोघी दिवसभर बोलत असायचो. हे माझ्या मैत्रिणीला कळलं नाही, आणि ती म्हणे मानसशास्त्राची प्राध्यापक!

सुरुवात शेंगदाण्याच्या चटणीवरून झाली. लग्न नवंनवं होतं, पाहुणे आले होते, मी चटणी मिक्सरमधून काढली. सासूबाई मंद्रूप गावच्या. उखळात कुटून तेल सुटलं नाही तर ती त्यांच्या लेखी चटणीच नव्हे. "ह्यो भुस्सा कुणी केला?" पाहुण्यांसमोर म्हणाल्या. मी तरी कुठं कमी? म्हटलं, "नको असेल त्यानं खाऊ नये." झालं, बोलणं बंद.

पण कामं अडतात की. मग त्या फ्रीजकडे बघून म्हणायच्या, "दूध संपलंय, कुणाला दिसत न्हाय वाटतं." मी कुकरला सांगायची, "आणून ठेवलंय, माणसानं डोळे उघडून बघावं." राग कधीच विरला, सवय राहिली. कारण तोंडावर जे सासू सुनेला बोलू शकत नाही, ते भिंतीला खुशाल सांगता यायचं. माझी आई गेली आणि मी माहेराहून परत आले, तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दाराला म्हणाल्या, "रडू द्या तिला. आई काय परत मिळती व्हय? भाकऱ्या मी बघते." नवरा टॉवेलच्या कारखान्यातून करवादत आला की भिंतीला हुकूम सुटायचा, "मागाचा आवाज एमआयडीसीतच ठिवून यावा म्हणावं." मी पदर तोंडाला लावून हसायची. त्यांनी मला हसताना बघितलं की त्या आणखी एक टोला हाणायच्या.

मैत्रीण कॉलेजपासूनची. माणसं आपल्या जगण्याचा काय अर्थ लावतात, यावर तिचा अभ्यास चालला होता. म्हणाली, "तू बोल. अर्थ सांगणाऱ्याचाच असतो, मी माझा घुसडणार नाही. नावही येणार नाही." मोबाईल रेकॉर्डिंगला लावून, दुपारी चहा पीत, मी तिला सगळं सांगितलं. चटणी, फ्रीज, आई गेल्याचा दिवस. ती पोट धरून हसली, डोळेही पुसले. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी कळलं.

मग महिला मंडळात तिचं व्याख्यान ठरलं. मीच हौसेनं सासूबाईंना घेऊन गेले. त्यांनी ठेवणीतली इरकल नेसली. मैत्रीण माईकवर म्हणाली, एका घरात सुनेला माणूस म्हणून संबोधलंसुद्धा जात नाही. सासू वस्तूंशी बोलते, सुनेशी नाही. ती सून हसत हसत सांगते, पण ते हसणं म्हणजे दडपलेलं दुःख आहे. आई गेल्यावरही तिला थेट सांत्वनाचा एक शब्द मिळाला नाही. नाव घेतलं नाही हो तिनं, पण चटणीसकट सगळं सांगितलं! बायका चुकचुकल्या. सासूबाई मांडीवर हात ठेवून समोर बघत राहिल्या.

मी मैत्रिणीला जिन्यात गाठलं. "मी असं कधी म्हणाले?"

"तू म्हणाली नाहीस गं. पण आत असलेल्या माणसाला ते दिसत नाही. ते वाचणं हेच आमचं काम."

"मग मला कशाला विचारलंस? भिंतीलाच विचारायचं होतंस!"

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आजाऱ्याच्या ठेवावा तसा. केसानं गळा कापला मेलीनं, आणि वर तिला माझीच कीव येत होती. मी हात झटकला. त्यानंतर तिचा फोन घेतलेला नाही आणि घेणारही नाही.

घरी आल्यावर मी भांड्यांच्या मांडणीला म्हटलं, "शिकलेल्या माणसांना अक्कल असतेच असं नाही." सासूबाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तुला लई तरास झाला व्हय गं?"

"आई, नाही. शपथेवर सांगते. मी तिला आपली गंमत सांगितली होती."

"मला बी गंमतच वाटायची." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पण येवढ्या बायका चुकचुकल्या. सगळ्या खुळ्या न्हाईत. माझ्या मनाची मीच समजूत काढत असन."

मी रडले, विनवलं, भांडले. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याशी थेट बोलतात. चहा घेतेस का, दमलीस का, बस जरा. नवरा खूश, म्हणतो, शेवटी मिटलं एकदाचं! गेल्या आठवड्यात मला ताप होता. त्यांनी गोळी आणि पाणी आणून दिलं, कपाळाला हात लावून विचारपूस केली. शब्द सगळे बरोबर होते. पाहुणीची करावी, तशी माझी विचारपूस करून त्या दार लोटून निघून गेल्या.