उजव्या हाताचा टाका

गिरणीत तिला सगळे दुर्बीण म्हणायचे. तोंडावर दुर्बीणताई, पाठीमागे नुसतं दुर्बीण. खरं तर तिचे डोळे चाळिशीतच अधू झाले होते. काय बघायचं ते ती बोटांनी बघायची. मागावरून उतरलेला कापडाचा तागा तिच्या टेबलावर आला, की डाव्या हाताची बोटं त्यावरून सावकाश फिरायची. कुठे धागा तुटलेला, कुठे दोन धागे एकाच घरात घुसलेले, कुठे गाठ राहून गेलेली. बोट थांबलं की खोट सापडली. मग सुई घ्यायची, तुटल्या धाग्याच्या जागी नवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून असा ओवत न्यायचा आणि टोक कापडाच्या पोटात दडवायचं. ती डावखुरी, त्यामुळे तिचं टोक बाकीच्यांच्या नेमकं उलट्या बाजूला दडायचं. एकतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला तिचा रफू सापडला नाही. तिला स्वतःला मात्र तो झोपेतसुद्धा सापडला असता.

एकोणीस नंबरच्या मागावर तिचा धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा. तिनेच त्याला वाढवलं, तिनेच मुकादमाच्या हातापाया पडून गिरणीत चिकटवलं. त्याच्या कापडात एक खोट हटकून यायची: पाळीच्या शेवटच्या तासाला काठ सैल पडायचा. ताई त्याला जेवताना सुनावायची, “चार वाजले की तुझं मन घरी पळतं, काठ सांगतो मला.” तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी काठ पुन्हा सैल.

मग बाहेरच्या देशांतून स्वस्त कापड यायला लागलं. बाजारात त्याचे ढीग, आणि भाव असा की इथे नुसतं सूतसुद्धा त्या भावात मिळू नये. गिरणीची दुसरी पाळी बंद झाली. रफूच्या खोलीत पाचजणी होत्या, त्यातल्या चौघींना घरी पाठवलं. दुर्बीण एकटी उरली. मुकादम म्हणाला, कापड आता सुधारलंय, बरेचसे तागे तपासायची गरजच पडत नाही, थेट पॅकिंगला जातात. आणि ही शहाणी बाई, जिला कापडातली केसाएवढी खोट कळायची, तिला माणसाच्या बोलण्यातली एवढी मोठी कळली नाही. उलट घरी येऊन तिने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, तुम्ही लोकांनी आता हात बसवला बरं का. एक पाळी बंद असताना पॅकिंगवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत का नाही, हा प्रश्न तिच्या डोक्यात आला नाही. कौतुक भाऊरायाचं होतं ना, मग प्रश्न कशाला येतील?

वर्षभराने सरकारने बैठक बोलावली. बाहेरच्या कापडावर जादा शुल्क लावावं का, यावर गिरणीवाले, व्यापारी, शिवणकारखानेवाले सगळ्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं होतं. मालकाने ठरवलं की वकील बोलेल ते बोलेल, पण हाताने काम करणारं एक माणूसही समोर बसलं पाहिजे. दुर्बिणीला नवी साडी घ्यायला सांगितलं. गिरणीतले दोनशे चाळीस लोक तिला फाटकापर्यंत सोडायला आले. धाकटा म्हणाला, “ताई, सगळं तुझ्या हातात आहे.” तो थट्टेने म्हणाला असेल, पण तिने ते मनावर घेतलं.

बैठकीची खोली लांबलचक होती. मधोमध टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकापुढे कागदांची चळत. शिवणकारखानेवाले म्हणाले, शुल्क लावाल तर आमच्या शिलाईवाल्या बायका उपाशी मरतील. व्यापारी म्हणाले, लोकांना स्वस्त हवं, त्याला आम्ही काय करणार? सगळ्यांचंच थोडंथोडं खरं होतं. समोरचे साहेब मधल्या वयाचे, थकलेले, पण कान देऊन ऐकणारे होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं. टेबलावर दोन ढीग होते. एकावर बाहेरचं कापड, दुसऱ्यावर गिरणीचा शिक्का मारलेलं. साहेबांनी विचारलं, तुमचं कापड वेगळं कसं ओळखायचं?

ती खुलली. म्हणाली, प्रत्येक मागाची एक खोड असते, आणि प्रत्येक रफूला एक हात असतो. गेलं वर्षभर आमच्या गिरणीत रफूचा हात एकच, माझा. हे सगळं टंकलेखक लिहून घेत होता. मग तिने शिक्क्याच्या ढिगातला वरचा तागा ओढला आणि बोटं फिरवली.

काठ कुठेच सैल नव्हता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. गिरणीतल्या एकाही मागाची खोड त्यात नव्हती. आणि मग हातभर अंतरावर बोट थांबलं. रफू होता. फार सुंदर होता, तिच्यापेक्षा कणभर सरसच. पण टोक तिच्या टाक्याच्या उलट्या बाजूला दडवलेलं. उजव्या हाताच्या बाईने, कुठल्यातरी लांबच्या गिरणीत बसून, असंच वाकून तो घातला होता.

पॅकिंगची घाई, चौघींना मिळालेला नारळ, मुकादमाचं गोड बोलणं, सगळं एका क्षणात कळलं. मालक स्वतःच बाहेरचं कापड आणून त्यावर आपला शिक्का मारत होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि मुकादमाने नमुना देखणा दिसावा म्हणून नेमका तोच तागा उचलून आणला होता. तिने वकिलाशेजारी बसलेल्या मालकाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तिला कळलंय, हे त्यालाही कळलं होतं.

साहेबांनी विचारलं, “हे तुमच्या गिरणीचं आहे ना, बाई?”

खरं सांगावं, तर शुल्काची मागणी तिथेच फेटाळली जाणार. मग शुल्क नाही आणि गिरणीही नाही. फाटकाशी उभे दोनशे चाळीस चेहरे तिच्या डोळ्यांपुढे आले, आणि त्यांच्यात एक तिने भरवून मोठा केलेला. तिला मालकाचा संताप आला, स्वतःची लाज वाटली, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली.

“हो,” ती म्हणाली.

“आणि तुमचा हात कुठे आहे यात?”

तिने त्या परक्या बाईच्या रफूवर बोट ठेवलं. “हा माझा.”

तिचं म्हणणं लिहिलेला कागद पुढे आला. तिने डाव्या हाताने सही केली. साहेब तेव्हा पुढची फाइल चाळत होते.

शुल्क लागलं. गिरणीत पेढ्यांसारखे तिच्या नावाचे गोडवे वाटले गेले. धाकट्याने तिला खांद्यावर उचलायचंच काय ते बाकी ठेवलं. तिला वाटलं, जाऊ दे. जन्मभर लोकांच्या खोटी झाकल्या, ही एक आणखी. बाहेरचं कापड थांबलं म्हणजे माग तरी चालतील.

पण शुल्काने बाहेरून येणारं नवं कापड महागलं. मालकाच्या गोदामात आधीच येऊन पडलेलं मात्र त्याला जुन्याच भावात पडलं होतं. महागाईत ते सोन्यासारखं विकलं गेलं. पाच महिन्यांत गोदाम रिकामं झालं, आणि सहाव्या महिन्यात मालकाने माग भंगारात काढले. एकोणीस नंबरचा तिसऱ्या ट्रकमध्ये गेला.

तोवर पॅकिंगवाल्यांना कंठ फुटला होता. शिक्क्याची गोष्ट बाहेर आली. युनियनचे लोक तक्रार घेऊन त्याच साहेबांकडे गेले, धाकटाही बरोबर होता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि फाइल काढली. म्हणाले, तुमच्याच गिरणीच्या जाणत्या बाईने हात लावून सांगितलंय की कापड तुमचं आहे. स्वतःचा रफूसुद्धा दाखवलाय. आता मी कुणाचं खरं मानू?

संध्याकाळी धाकटा आला आणि दारातच बसला. बराच वेळ पायातली चप्पल काढली नाही.

“मी सगळ्यांना सांगितलं,” तो म्हणाला, “की ताईची बोटं आता गेलीत. एकतीस वर्षं सुई धरून बधिर झालीत. तिला कळलंच नाही.”

ती चूल पुसत होती. फडकं तसंच हातात राहिलं.

“नाही रे. हात लावताक्षणी कळलं होतं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. दारातल्या दगडाकडे पाहत म्हणाला, “हे माझ्याजवळ बोललीस तेवढं पुरे. आणखी कुणापुढे बोलू नकोस. लोक दाराला दगड मारतील.” मग उठून गेला. त्यानंतर तो यायचा, नाही असं नाही. पण जेवायला बसायचा नाही.

लोकांनी दगड मारले नाहीत. उलट कीव केली. भाजी घेताना कुणी म्हणायचं, ताई, हाताला शेक देत जा. पैसे मोजून द्यायचे झाले तर तिच्या हातातून घेऊन स्वतःच मोजायचे. घरात रफूची कामं घेऊन पोट भरावं म्हणून तिने दाराशी पाटी लावली होती. दोन महिन्यांत एकही फाटका कपडा त्या दारात आला नाही.

एके दिवशी दुपारी शेजारीण आली, हातात लेकीचा लोकरीचा कोट. दुर्बिणीने घाईघाईने चष्मा पुसला, सुईची डबी पुढे ओढली. शेजारीण संकोचून म्हणाली, “तसं नाही हो. चांगला रफू करणारं कुणी तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून विचारायला आले. तुमच्या बोटांना आता कुठे त्रास द्यायचा?”

तिने कोट मांडीवर घेतला. कोपराशी मोठी फाट होती, ती कुणालाही दिसली असती. बोटं सवयीने खाली सरकली आणि खिशापाशी थांबली. तिथे आणखी एक धागा तुटला होता. वरून काही दिसत नव्हतं, पण महिन्याभरात तिथे भोक पडणार होतं.

“बाजाराच्या मागे एक जण बसतो,” ती म्हणाली. “हात चांगला आहे त्याचा.”

कोट घडी घालून तिने परत दिला. खिशाचं काही बोलली नाही.