शिबिराला धाडलेली पोरं

शेजारच्या मोझेलवहिनी गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मलाच द्यावी लागली. सकाळी त्यांचं दूध घेऊन गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं आणि वहिनी पलंगावर, उशीवरून मान थोडी घसरलेली... हात लावला आणि समजलं. डॉक्टर येऊन गेल्यावर मी त्यांच्याच मोबाइलवरून त्यांच्या मुलीला, नॉराला, इस्रायलला फोन लावला. तिनं उचलला आणि म्हणाली, "हां आई, बोल." आईच्या नंबरावरून आलेल्या फोनला लेक दुसरं काय म्हणणार? मी विजूकाकी बोलतेय म्हटलं आणि काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "काकी, विमानं बंद आहेत." तिकडे युद्ध पेटलेलं होतं. धाकट्या सॅम्युअलला, आमच्या समूला, फौजेत बोलावून घेतलेलं होतं. आणि त्यांच्या धर्मात माणूस गेल्यावर वाट पाहत बसत नाहीत, होता होईल तो त्याच दिवशी मातीआड करतात.

आता या गोष्टीला काही आठवडे झाले. महाडच्या बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की मोझेलवहिनींचं, म्हणजे कापडेकरांचं घर हे आमच्या गावातलं शेवटचं ज्यू घर होतं. मूळचे पोलादपूरजवळच्या कापड्याचे. पूर्वी त्यांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. वहिनींचे यजमान डॅनियलभाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, वहिनी घरीच शिवणाचे क्लास घ्यायच्या. मी लग्न होऊन चवदार तळ्यामागच्या या आळीत आले तेव्हा मला साधा परकर शिवता येत नव्हता. वहिनींनी शिकवलं. नऊवारी नेसायच्या, गणपतीत आमच्याकडे मोदकाची उकड काढायला यायच्या, आणि शुक्रवारी दिवेलागणीला पेल्यात तेलवात लावून डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या. ते काय असतं, असं एकदा मी विचारलं तर हसल्या. "माझी आय म्हणायची, म्हणून मी म्हनते. अर्थ मला ठाव नाय."

त्या हसल्या खऱ्या, पण तो प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसलेला होता. नॉरा आणि समू शाळेत जायला लागले तेव्हा तो वर आला. शाळेत पोरं विचारायची, तुम्ही हिंदू की मुसलमान? समू घरी येऊन आईला तेच विचारायचा. वहिनी म्हणायच्या, कोकणातले ज्यू स्वतःला म्हणवतात तसं, आपण इस्रायल लोक. म्हणजे काय, असं समूनं पुढे विचारलं की वहिनींपाशी एवढंच होतं... शनिवारी चूल पेटवायची नाही, खवल्यांशिवायचा मासा खायचा नाही, एक देव. एवढ्यावर पोराचं समाधान होईना. एके दिवशी वहिनी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "विजू, मलाच काय म्हायती नाय गो, मी पोरांना काय सांगू? माझ्या मागं हे सगळं बुडनार."

त्याच सुमारास मुंबईच्या त्यांच्या एका नातेवाइकाकडून कळलं की त्यांच्या समाजाचे लोक मे महिन्यात कर्जतकडे मुलांचं शिबिर घेतात. प्रार्थना शिकवतात, हिब्रू अक्षरं शिकवतात, गाणी, खेळ, सगळं. डॅनियलभाऊंना ते मुळीच पटलं नाही. "शिबिरात घालून कोन यहुदी होतो काय? सुटीत पोरं नदीवर जातील, आंबे खातील. हाय ते ठीक हाय," ते म्हणाले. वहिनी त्यांच्यापुढे सहसा बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या, "तुमच्या बापानं तुमाला काय दिलं, ते सांगा मला." भाऊ उठून वर्कशॉपला निघून गेले, आणि वहिनींनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

मुलांना एसटीत बसवायला मीही डेपोवर गेले होते. वहिनींनी दोघांना प्रार्थनेसाठी पांढरे कपडे शिवले होते, कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं नावं काढली होती. तिकडे जेवण मिळणार होतं तरी नारळाच्या वड्यांचा डबा दिलाच. समू खिडकीचे गज धरून रडत होता. नॉरा मोठी, तिनं तोंड फिरवून घेतलं होतं. पनवेलपर्यंत भाऊ सोबत जाणार होते, पुढे समाजाची बस. गाडी फाट्यापाशी दिसेनाशी होईतो वहिनी हात वर धरून उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला म्हणाल्या, "रडू दे. शिकून येतील."

आणि खरोखरच शिकून आली. रडत गेलेला समू गात आला. आळीतून चालताना दोघं हिब्रू गाणी म्हणायची आणि आमची मुलं अर्थ न कळता मागून सूर लावायची. नॉरानं पाटीवर अक्षरं काढून आईला गिरवायला दिली. चाळिशीला आलेली बाई, क्लासच्या मुली गेल्या की पाटी घेऊन बसायची आणि उजवीकडून डावीकडे लिहायची. "हात उलटा चालत नाय गो माझा," म्हणायच्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. पुढच्या मे महिन्यापासून मुलांना धाडायचा प्रश्नच उरला नाही. ती स्वतःच दिवस मोजायची. नॉरा सांगायची, "काकी, तिथे सगळे आपल्यासारखे असतात. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही." मला तेव्हा कौतुक वाटलं. त्या वाक्यातच पुढचं सगळं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही, आणि वहिनींच्याही नाही.

नॉरा कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. समूची परीक्षा पार पडली म्हणून वहिनींनी मलिदा केला होता. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं, वर गुलाबाची फुलं, असं ताट मांडून एलियाहू नबीच्या नावानं त्यांच्यात प्रार्थना करतात. नवस फेडायचा तर मलिद्याशिवाय नाही. नॉरा तोवर शिबिरात लहान मुलांची ताई झाली होती. ताटाकडे बघून ती म्हणाली, "आई, हे कुठल्याच पुस्तकात नाही. तिकडे कुणी करत नाही हे." तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, शिकलेलं सांगावं तसं तिनं सांगितलं. वहिनींचा हात ताटावरच थांबला. भाऊ म्हणाले, "नबी घोड्यावर बसून कोकणात उतरला होता. पुस्तक लिवनाऱ्याला कोकण ठाव होतं काय?" समू हसला, नॉराही हसली, सगळ्यांनी मलिदा खाल्ला. पण त्यानंतर मुलं घरी असताना वहिनींनी मलिदा केलेला मला आठवत नाही. ती शिबिराला गेली की करायच्या, आणि वाटी मला आणून द्यायच्या.

नॉरा आधी गेली, पाठोपाठ समू. तिकडे नोकऱ्या, तिकडेच लग्नं. शिबिरात ओळख झालेल्यांपैकी बहुतेक सगळेच गेले, शिबिर घेणारेही गेले. आता ते शिबिर भरतं की नाही मला ठाऊक नाही. समू निघाला त्या दिवशी भाऊ बायकोला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं वहिनी नंतर म्हणायच्या. "पोरांनी इथं राहून इस्रायल व्हावं म्हनून धाडली मी. ती इस्रायललाच गेली," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मशीनवर बसून कुणाचं तरी ब्लाउज पुरं केलं.

भाऊ वारल्यावर मुलांनी आईला तिकडे नेलं. आम्हाला वाटलं, आता वहिनी काही परत येत नाहीत. काही महिन्यांतच आल्या. घर मोठं होतं, मुलं प्रेमानं वागत होती, तक्रार कसलीच नव्हती. पण नातवंडांना मराठी येत नव्हतं आणि वहिनींची पाटीवरची अक्षरं बोलायला पुरत नव्हती. एक गोष्ट मात्र त्यांनी मला पुनःपुन्हा सांगितली. तिकडे उन्हाळ्याची सुटी लागली आणि नॉराची मुलगी शिबिराला निघाली. वहिनी हरखल्या. त्यांनी नातीसाठी पांढरा फ्रॉक शिवला, कॉलरच्या आत नाव काढायला घेतलं. मग नॉरानं सांगितलं, तिथे पांढरे कपडे लागत नाहीत, पोहण्याचे लागतात. "तिथं शिबिरात धर्म शिकवत नायत, विजू," वहिनी म्हणाल्या. "पोहायला शिकवतात. तिथं सगळेच यहुदी, मग शिकवायचं कुनाला? मी म्हटलं, असंच असेल तर मी एवढं कशाला केलं?" मी काहीतरी समजुतीचं बोलले. काय बोलले ते आठवत नाही, उपयोगाचं नसणार.

शेवटची वर्षं त्या एकट्या होत्या. हृदय थकलं होतं, पाय सुजायचे. त्यांना एकच काळजी होती. मला म्हणाल्या होत्या, "मानूस गेल्यावर कद्दिशची प्रार्थना म्हनायला दहा पुरुष लागतात. आमचे. त्याच्याबिगर नाय होत." समू म्हणेल की, मी म्हटलं. "समूला येतं," त्या म्हणाल्या. "शिबिरातच शिकला. पहिल्याच वर्षी म्हनून दाखवला होता मला, आनि मी त्याला साखर दिली होती."

त्या दिवशी आम्ही त्यांना कापड्याच्या वाटेवरच्या त्यांच्या लोकांच्या जुन्या दफनभूमीत नेलं. करवंदीच्या जाळीत निम्मे दगड बुडालेले. पनवेलहून, पेणकडून त्यांची माणसं आली, बहुतेक म्हातारी. आणखी एक गाडी हायवेवर अडकली होती, ती काही पोचली नाही. बाकी माणसं खूप होती. आळीतले सगळे पुरुष, बाजारातले मुसलमान दुकानदार, डेपोतले भाऊंचे जुने सोबती, क्लासला येऊन गेलेल्या मुलींचे नवरे. एवढी माणसं उभी होती, पण त्यांच्यातले दहा नव्हते. पेणहून आलेल्या, समाजाच्या एका वृद्ध गृहस्थांनी दोनदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मान खाली घातली.

तेवढ्यात समूचा व्हिडिओ कॉल आला. अंगावर लष्करी कपडे, चेहरा धुळीनं भरलेला. "काकी, फोन खड्ड्याकडे धर," तो म्हणाला. त्या गृहस्थांनी त्याला हळूच सांगितलं, "बाळा, फोनवरचा धरत नाहीत. दहा नाहीत इथे." समू म्हणाला, "ठाऊक आहे मला," आणि त्यानं म्हणायला सुरुवात केली. मी हात लांब करून फोन धरून उभी होते. थोड्या वेळानं शब्द तुटायला लागले, मग स्क्रीनवर त्याचं तोंड उघडं तसंच थांबलं. आम्ही वाट पाहिली. डोंगरात रेंज नव्हती. शेवटी गृहस्थ म्हणाले, "लोटा माती."

घर मुलांनी विकायला सांगितलं आहे, तोवर भाड्यानं दिलंय. वहिनींच्या घराची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच आहे, हे मी तीस-पस्तीस वर्षं जाणत होते. जे जाणत नव्हते ते सामान हलवताना पेणच्या त्या गृहस्थांनी सांगितलं. त्या भिंतीवर एक खिळा नाही, कॅलेंडर नाही, काही नाही, असं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "यरुशलेम त्या बाजूला. बाई इकडेच तोंड करून प्रार्थना करत असणार." म्हणजे दर शुक्रवारी वहिनी माझ्या मसाल्याच्या फळीकडे तोंड करून उभ्या राहत होत्या, आणि पलीकडे मी भाकऱ्या थापत होते. परवा नव्या भाडेकरूंनी टीव्हीसाठी त्या भिंतीत भोकं पाडली. माझ्या बाजूला फळी हादरली, हळदीचा डबा खाली आला. मी तो उचलला, फळीवर ठेवला, आणि ड्रिलचा आवाज थांबेपर्यंत हातानं धरून राहिले.